क्वीन, बॉस्टन की जर्नी? ‘अरिना रॉक’च्या जुन्या वादात दडलंय आवाजाचं गणित

क्रिकेटचा सामना जरा रेंगाळला की मैदानावरचा डीजे एक हुकमी पान काढतो. दोनदा जमिनीवर पाय आपटल्याचा आवाज, मग एक टाळी. धप्, धप्, टाळी. काही सेकंदांत अख्खा स्टँड त्यात सामील होतो. हे गाणं ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचं आहे आणि ते १९७७मध्ये आलं, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असतं हा प्रश्नच आहे. पण ते ठाऊक नसल्याने कुणाचंही काही अडत नाही.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकातल्या ‘अरिना रॉक’ बँड्समध्ये सगळ्यात भारी कोण, हा वाद रॉकचे चाहते गेली चाळीस वर्षं घालताहेत. क्वीनवाले फ्रेडी मर्क्युरीचं नाव घेतात आणि विषय संपला असं समजतात. अमेरिकेतले पन्नाशी-साठीतले चाहते ‘जर्नी’च्या स्टीव्ह पेरीचा गळा पुढे करतात. ‘बॉस्टन’चे चाहते संख्येने कमी असतील, पण गिटारच्या आवाजाचा विषय निघाला की ते कुणालाच ऐकत नाहीत. ‘किस’, ‘स्टिक्स’, ‘फॉरेनर’, ‘आरईओ स्पीडवॅगन’ यांचेही आपापले शिलेदार आहेतच.

वाद बहुतेक वेळा गायकाच्या पट्टीवर किंवा गिटारवादकाच्या बोटांवर येऊन थांबतो. या सगळ्या बँड्ससमोर उभा असलेला एक प्रतिस्पर्धी मात्र त्यात विसरला जातो. तो म्हणजे ते अवाढव्य सभागृह. त्याच्याशी कोण कसं झुंजलं, हे पाहिलं तर या बँड्समधला फरक जास्त स्पष्ट दिसतो.

अरिना रॉक म्हणजे नेमकं काय?

अरिना म्हणजे मुळात खेळासाठी बांधलेलं बंदिस्त सभागृह. अमेरिकेत बास्केटबॉल आणि आइस हॉकीसाठी साठच्या दशकात अशी मोठमोठी सभागृहं उभी राहिली. लॉस एंजेलिसजवळचं ‘द फोरम’ १९६७मधलं, न्यूयॉर्कचं आजचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन १९६८मधलं. पंधरा-वीस हजार माणसं मावतील अशा या जागा सामने नसतील त्या रात्री रिकाम्या असायच्या. रॉकचा श्रोता वाढत होता, तिकिटं विकली जात होती. दोन्ही गरजा जुळल्या.

अडचण एकच होती. या इमारती संगीतासाठी बांधलेल्याच नव्हत्या. काँक्रीट, लोखंड, पत्रा. आवाज आपटायचा, घुमायचा आणि काही सेकंद तसाच रेंगाळायचा.

मोठ्या जागेत काय फजिती होते, हे १९६५मध्येच दिसलं होतं. त्या वर्षी १५ ऑगस्टला ‘बीटल्स’ न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५ हजार लोकांसमोर उभे राहिले. त्यांच्यासाठी खास बनवलेले गिटार अॅम्प्लिफायर होते १०० वॅटचे. जुन्या पिवळ्या बल्बवर असायचा तोच आकडा! गाण्याचा आवाज मैदानाच्या घोषणा करायच्या स्पीकरमधून सोडला होता. किंकाळ्यांपुढे काही ऐकू येईना. ड्रमर रिंगो स्टारला बाकीच्या तिघांच्या हालचाली बघून गाणं कुठवर आलंय याचा अंदाज घ्यावा लागत होता. पुढच्याच वर्षी बीटल्सनी जाहीर दौरे कायमचे थांबवले. त्याला कारणं इतरही होती, पण स्वतःलाच स्वतःचं गाणं ऐकू न येणं हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

पुढच्या आठ-दहा वर्षांत ध्वनियंत्रणा कुठल्या कुठे गेली. १९७४मध्ये ‘ग्रेटफुल डेड’ हा बँड सुमारे ६०० स्पीकरची भिंत घेऊन फिरत होता (आणि ती वाहून नेण्याच्या खर्चाने मेटाकुटीला आला होता). आवाज मोठा करण्याचा प्रश्न असा सुटला. आवाज पोहोचायला लागणारा वेळ मात्र कुठलाही अॅम्प्लिफायर कमी करू शकत नव्हता.

आवाज उशिरा पोहोचला तर काय बिघडतं?

स्टेडियमच्या वरच्या स्टँडमध्ये बसून सामना पाहिलेल्यांना हे माहीत असेल. बॅट फिरताना आधी दिसते, ‘टक्’ थोड्या वेळाने ऐकू येतं. ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. स्टेजपासून १०० मीटरवर बसलेल्याला ठोका जवळपास ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. त्याने तो ऐकून टाळी वाजवली, तर ती स्टेजवर परत यायला आणखी ०.३ सेकंद. म्हणजे एकूण ०.६ सेकंद.

आता गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल, तर दोन ठोक्यांत अंतर असतं अर्ध्या सेकंदाचं. मागच्या रांगेची टाळी स्टेजवर पोहोचेपर्यंत बँड पुढच्या मात्रेवर गेलेला असतो. सम चुकते. त्यात भिंतींवरून परतणारे आवाज मिसळले की जलद सुरावटींचा नुसता काला होतो, आणि खालच्या पट्टीतल्या बेस गिटारचा सगळ्यात जास्त.

अरिना रॉकची जी वैशिष्ट्यं म्हणून सांगितली जातात, ती बरीचशी इथून आली आहेत. मध्यम किंवा संथ लय, लांब धरून ठेवलेले गिटारचे स्वर, ड्रमच्या ठोक्यांमध्ये सोडलेली मोकळी जागा, सहज गुणगुणता येईल असं धृपद. गायकाचा आवाज वरच्या पट्टीतला, कारण माणसाचा कान साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या टापूत सर्वाधिक तीक्ष्ण असतो आणि उंच, धारदार गळ्याची बरीच ताकद तिथेच असते. त्या काळातल्या अनेक समीक्षकांनी या संगीताला ‘कॉर्पोरेट रॉक’ म्हणून हिणवलं. एका साच्यातली, रेडिओवर खपणारी गाणी, असा त्यांचा आक्षेप. साचा होता हे खरंच आहे. पण त्या साच्याचा निम्मा भाग तरी रेकॉर्ड कंपन्यांआधी काँक्रीटच्या भिंतींनी पाडला होता.

क्वीनने यावर काय उपाय काढला?

मे १९७७. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम संपला, बँड आत गेला आणि प्रेक्षक जागेवरून हललेच नाहीत. त्यांनी फुटबॉलच्या मैदानांवर गायलं जाणारं एक जुनं गाणं एकसुरात गायला सुरुवात केली. गिटारवादक ब्रायन मे याने ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. दाटीवाटीने उभी असलेली माणसं आपल्याबरोबर काय करू शकतील, असा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला. पाय आपटू शकतील, टाळ्या वाजवू शकतील आणि गाऊ शकतील. बस्स.

त्यातून ‘वुई विल रॉक यू’ तयार झालं. गाण्यात ड्रम नाहीत, बेस गिटारही नाही. इलेक्ट्रिक गिटार येते ती थेट शेवटी. लय मिनिटाला ८०च्या आसपास, म्हणजे दोन ठोक्यांत पाऊण सेकंदाचं अंतर. वरचा हिशेब पुन्हा मांडून पाहा. १०० मीटरवरून परतणारी टाळीही पुढचा ठोका पडण्याआधी स्टेजवर पोहोचते.

रेकॉर्डिंगची गोष्ट याहून रंजक आहे. लंडनच्या एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत मोजक्या लोकांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले. ते हजारो लोकांचे वाटावेत म्हणून त्याच आवाजाच्या प्रती थोड्या थोड्या विलंबाने एकमेकांवर चढवण्यात आल्या. विलंब समान ठेवला असता तर कान त्याला प्रतिध्वनी म्हणून लगेच ओळखतो. म्हणून मे याने हे विलंब मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले. २, ३, ५, ७, ११ अशा संख्यांच्या पटी सहजासहजी एकमेकींवर पडत नाहीत, त्यामुळे प्रतिध्वनीचा ठरावीक नमुना तयार होत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्या चहूबाजूंना वेगवेगळ्या अंतरांवर माणसं उभी आहेत. हा मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. बँडसाठी त्याने अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीतली पीएचडी २००७मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधून पूर्ण केली. त्याची गिटार त्याने इलेक्ट्रॉनिक्स अभियंता असलेल्या वडिलांबरोबर घरीच बनवली होती, शेकोटीवरच्या जुन्या फळीचं लाकूड वापरून. बेस वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून त्याने बनवलेला छोटा अॅम्प्लिफायर क्वीनच्या कित्येक गाण्यांत वाजला आहे.

(‘बोहेमियन रॅप्सडी’ या २०१८च्या चित्रपटात हे गाणं १९८०मध्ये, मिशी ठेवलेल्या मर्क्युरीसमोर जन्माला येताना दाखवलंय. प्रत्यक्षात ते त्याआधी तीन वर्षं बाजारात आलं होतं.)

आणि मर्क्युरी? त्याच्याविषयी वेगळं सांगायला नको, तरी एक गोष्ट सांगायला हवी. फारुख बलसारा नावाचा झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. समोर बसलेल्यांना गाण्यात ओढण्याचा पहिला सराव त्याने साताऱ्याच्या डोंगरातल्या या शाळेत केला, असं म्हणायला हरकत नाही. १९८१मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत त्याच्यासमोर एका रात्री सुमारे १ लाख ३० हजार लोक होते. १३ जुलै १९८५ला ‘लाइव्ह एड’साठी वेम्बली स्टेडियममध्ये ७२ हजार. तिथे जेमतेम वीस मिनिटांत त्याने जे केलं, त्याची चित्रफीत आजही रॉकच्या सर्वोत्तम सादरीकरणांच्या यादीत पहिली दाखवली जाते. ती बघताना एक गोष्ट टिपण्यासारखी आहे. गाण्यांच्या मध्ये तो नुसत्या स्वरांच्या ताना घेतो, थांबतो आणि मैदान त्या परत करतं. तो थांबतो हे महत्त्वाचं. ७२ हजारांचा आवाज परत येईपर्यंत तो पुढचा स्वर लावत नाही.

बॉस्टन : कार्यक्रमाआधीच तयार झालेलं स्टेडियम

बॉस्टनची पद्धत नेमकी उलटी. टॉम शोल्झ हा एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनीअर, नोकरी पोलरॉइड कंपनीत. दिवसा कॅमेरा कंपनीचं काम आणि रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या घराच्या तळघरात रेकॉर्डिंग. गिटार, ऑर्गन, बेस असं बरंच काही तो एकटाच एकेक करून वाजवायचा आणि थर चढवत जायचा. ब्रॅड डेल्प हा गायकही तसाच. मुख्य गाणं त्याचं आणि मागची सगळी साथही त्याचीच.

एपिक या रेकॉर्ड कंपनीने करार केला, पण तळघरातलं काम मोठ्या स्टुडिओत पुन्हा करा, असं सांगितलं. मग एक छानसं नाटक झालं. निर्माता जॉन बॉयलन बाकीच्या मंडळींना घेऊन लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत गेला, कंपनीचं लक्ष तिकडे राहिलं आणि शोल्झने तळघरातच अल्बमचा बहुतेक भाग पुरा केला. १९७६मध्ये आलेल्या या पहिल्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख प्रतींची नोंद आहे.

ऐकताना वाटतं, वीस हजारांच्या सभागृहात वाजतंय. वाजत होतं एका तळघरात. क्वीनने स्टुडिओत गर्दी निर्माण केली, तर शोल्झने स्टुडिओत अख्खी इमारत उभी केली. योगायोग असा की, सत्तरच्या दशकात दोन्ही बँड आपल्या अल्बमवर ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ अशी टीप छापायचे. इंजिनीअर लोकांचा हा एक खास अभिमान असतो.

पण थर लावून बनवलेल्या संगीताची एक गोची आहे. ते स्टेजवर न्यायचं तर माणसं किती लागणार? आणि शोल्झचा पिंड ‘अजून थोडं नीट करतो’ म्हणणाऱ्याचा. दुसरा अल्बम १९७८मध्ये आला, तिसरा तब्बल १९८६मध्ये. उशीर होतोय म्हणून कंपनीने त्याला कोर्टात खेचलं, निकाल शेवटी त्याच्या बाजूने लागला. एमटीव्हीच्या ऐन भरात, १९८६मध्ये त्याचं ‘अमँडा’ हे गाणं व्हिडीओ न बनवताच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मधल्या काळात त्याने ‘रॉकमन’ बनवला होता, वॉकमनएवढा हेडफोन अॅम्प्लिफायर. तो कमरेला लावला की खोलीत बसून अरिनासारखा गिटारचा आवाज मिळायचा. ‘डेफ लेपर्ड’च्या १९८७च्या ‘हिस्टीरिया’ या गाजलेल्या अल्बमच्या गिटार रॉकमनमधूनच रेकॉर्ड झाल्या आहेत. स्टेडियममध्ये वाजलेला तो प्रचंड आवाज खिशात मावेल अशा डबीतून निघाला होता.

आणि जर्नी?

जर्नीकडे ना मूळ संख्या, ना तळघर. त्यांच्याकडे गळा होता. १९७३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेला हा बँड आधी लांबलचक वाद्यसंगीत वाजवायचा आणि फारसा खपायचा नाही. १९७७मध्ये स्टीव्ह पेरी आला आणि चित्र पालटलं. १९८१चा ‘एस्केप’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातल्या ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ची रचना मुद्दाम घड्याळ लावून ऐकण्यासारखी आहे. चार मिनिटं दहा सेकंदांच्या या गाण्यात ज्या ओळीसाठी सगळे थांबलेले असतात, ती साधारण तीन मिनिटं वीस सेकंदांनी येते. तोपर्यंत सभागृहाला नुसतं ताटकळत ठेवलेलं असतं. ती आली की कुणी कुणाला ‘गा’ म्हणून सांगावं लागत नाही.

मागच्या रांगेला गायक मुंगीएवढा दिसतो, यावरही जर्नीने लवकर उपाय शोधला. १९८३च्या दौऱ्यात मोठे व्हिडीओ पडदे घेऊन फिरणाऱ्या सुरुवातीच्या बँड्समध्ये ते होते. आज पडद्याशिवाय मोठा कार्यक्रम कल्पनेतही येत नाही.

मग ‘सगळ्यात भारी कोण?’ रेकॉर्डवर ऐकायचं तर बॉस्टनचा पहिला अल्बम. गायकासाठी ऐकायचं तर जर्नी, आणि इथे क्वीनच्या चाहत्यांनी रागावू नये, कारण मर्क्युरीचं मोठेपण नुसत्या गळ्यात नव्हतं. प्रत्यक्ष स्टेजवर मात्र क्वीनच्या जवळपास कुणी नाही. किसचा तोंड रंगवून आग ओकण्याचा खेळ डोळ्यांसाठी होता. कानाचा निकाल लावताना त्यांना बाजूलाच ठेवावं लागतं.

माणसं गेल्यावर बँडचं काय होतं?

आता हा वाद फक्त आठवणींचा राहिलेला नाही. तिकीट काढताना आपण नक्की कुणाला ऐकायला चाललोय, असा तो प्रश्न झाला आहे.

मर्क्युरी नोव्हेंबर १९९१मध्ये गेला. डीकन १९९७नंतर निवृत्त झाला. पेरीने १९८७मध्ये जर्नीबरोबर गाणं थांबवलं, १९९६मध्ये एका अल्बमपुरता परतला आणि पुन्हा बाहेर पडला. बॉस्टनचा डेल्प मार्च २००७मध्ये गेला.

त्याच २००७मध्ये दोन विलक्षण गोष्टी घडल्या. जर्नीचा गिटारवादक नील शॉन नवा गायक शोधत यूट्यूब चाळत होता. तिथे त्याला मनिलातला आर्नेल पिनेडा सापडला. लहानपणी आई गेल्यावर रस्त्यावर राहिलेला हा मुलगा आता क्लबमध्ये जर्नीची गाणी गात होता. शॉनचा ईमेल आला तेव्हा कुणीतरी थट्टा करतंय, असं त्याला आधी वाटलं. इकडे अमेरिकेत एका हार्डवेअर दुकानात नोकरी करणाऱ्या टॉमी डिकार्लोने मायस्पेसवर बॉस्टनची गाणी गाऊन टाकली होती. ती शोल्झपर्यंत पोहोचली. डेल्पच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात डिकार्लो गायला आणि पुढे बँडचा गायक झाला. मोठमोठी सभागृहं भरणारे बँड आपला हरवलेला आवाज चाहत्यांच्या गळ्यात शोधत होते.

पिनेडा नक्कल करतो की गातो, यावर जर्नीचे चाहते अजूनही दोन तट पाडून भांडतात. त्याची अडचण खरी आहे. पेरीसारखं गायलं तर नक्कल, वेगळं गायलं तर ‘हे जर्नी नव्हे’. क्वीनने वेगळी वाट धरली. अॅडम लॅम्बर्टला घेतलं, पण नाव ठेवलं ‘क्वीन + अॅडम लॅम्बर्ट’. त्या अधिकच्या चिन्हात प्रामाणिकपणा आहे. फॉरेनरच्या अलीकडच्या अनेक कार्यक्रमांत मंचावर मूळ सदस्यांपैकी कुणीच नसतं. किसने तर डिसेंबर २०२३मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला शेवटचा कार्यक्रम संपवतानाच आपल्या डिजिटल प्रतिमा पडद्यावर आणल्या आणि यापुढे हे गातील, असं सांगून टाकलं.

यात बॉस्टनची कोंडी सगळ्यात मोठी, कारण तो आवाज एका माणसाच्या हट्टातून आला होता. जर्नीला सतत त्या उंचीचा गळा शोधत राहावा लागतो. ‘वुई विल रॉक यू’ला मात्र स्टेजवर कुणीच लागत नाही. मुख्य वाद्य पहिल्या दिवसापासून प्रेक्षकांच्या हातापायांत दिलेलं आहे, आणि म्हणून ते क्रिकेटच्या मैदानात बिनबँडचंही चालतं.

आजच्या स्टेडियममध्ये काय बदललं?

नव्वदच्या दशकापासून स्टेजच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे लटकणारे स्पीकर आले. त्यांना लाइन अॅरे म्हणतात. ते आवाज छताकडे न उधळता प्रेक्षकांच्या पट्ट्यात ठेवतात. मैदानाच्या मध्यभागी जादा स्पीकरचे मनोरे असतात आणि त्यांना मुद्दाम काही मिलिसेकंद उशिरा वाजवलं जातं, म्हणजे स्टेजकडून येणारा आवाज आणि मनोऱ्याचा आवाज एकाच वेळी कानावर पडतात. जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’च्या तीन कार्यक्रमांना गेलेल्यांच्या मनगटावर दुरून नियंत्रित होणारे दिव्यांचे पट्टे होते. हजारो दिवे गाण्याबरोबर उजळत होते. प्रकाशाला तो ०.३ सेकंदांचा अडथळा नाही.

हे सगळं स्वतः तपासायचं असेल तर तीनही गाणी फोनच्या स्पीकरवर लावू नका. इतक्या लहान स्पीकरमधून खालच्या पट्टीतले स्वर जवळजवळ येतच नाहीत. ‘वुई विल रॉक यू’मधली टाळी ऐकू येईल, पाय आपटल्याचा धपका मात्र निम्मा गळून जाईल. इअरफोन घाला, डोळे मिटा आणि पहिल्या दहा सेकंदांत माणसं किती दूर उभी आहेत याचा अंदाज घ्या. मग बॉस्टनचं ‘मोअर दॅन अ फीलिंग’ लावा, त्यात एकामागे एक किती गिटार आहेत ते मोजायचा प्रयत्न करा. जर्नीचं गाणं शेवटी, आणि तीन मिनिटं वीस सेकंद होईपर्यंत पुढे ढकलायचं नाही.